चारशे श्रोते पुरतात: पॉडकास्ट सुरू करणाऱ्यांसाठी

काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, चष्मा लावला आणि वाचायला लागले. "सदर संस्थेच्या उपविधींमधील तरतुदींनुसार गळतीसंबंधीच्या दुरुस्तीच्या खर्चाबाबत..." मे महिना होता. आवाज नको म्हणून पंखा बंद केला होता. काकांच्या कपाळावर घाम आणि शब्दाशब्दावर ताण. गेली कित्येक वर्षं ते आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, लोक अडचण घेऊन त्यांच्या दारात उभे असतात, आणि माइकसमोर मात्र त्यांच्या तोंडून सरकारी परिपत्रक बाहेर पडत होतं.

रेकॉर्डिंग चालूच ठेवून मी म्हटलं, "काका, कागद बाजूला ठेवा. वरच्या मजल्यावरच्या वहिनी तुमच्याकडे आल्यात असं समजा. गच्चीतून पावसाचं पाणी झिरपलं आणि त्यांच्या हॉलच्या छताचं प्लास्टर पडलं. खर्च कोणी करायचा?"

"अगं, सोसायटीनेच! गच्ची काय त्यांच्या एकट्यांची आहे का? वरती राहतात म्हणून सगळ्यांचं छप्पर त्यांनी दुरुस्त करायचं? पण एक सांगतो, तोंडी सांगून जायचं नाही. लेखी अर्ज द्यायचा, फोटो जोडायचा, तारीख टाकायची आणि पोच घ्यायची. पोच हातात पडल्याशिवाय ऑफिसातून हलायचं नाही."

कागद परत उघडायची वेळ आली नाही. पुढची पंचवीस मिनिटं ते असेच बोलले आणि तोच त्यांचा पहिला भाग झाला.

मी पॉडकास्टचं ध्वनिसंकलन करते. लोक रेकॉर्ड करून पाठवतात, मी ते स्वच्छ करते, कापते, जोडते. त्यामुळे "मलाही पॉडकास्ट काढायचाय" म्हणणारी माणसं सतत भेटतात, आणि त्यांचे प्रश्न दोनच असतात. माइक कुठला घेऊ, आणि पैसे कधी सुरू होतील? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींची उत्तरं खाली देते. पण माझ्या अनुभवात पैशाचं गणित माइकवर ठरत नाही, आणि श्रोत्यांच्या आकड्यावरही फारसं ठरत नाही. आपण नेमकं कोणाशी बोलतोय यावर ते ठरतं.

रतीब कसा चालतो

आधी ही यंत्रणा समजून घेऊ, कारण तिथेच बरेच जण गोंधळतात.

रेडिओवरचा कार्यक्रम त्याच्या वेळेला लागतो, चुकला की चुकला. पॉडकास्टचं तसं नाही, तो दुधाच्या रतीबासारखा आहे. एकदा सांगून ठेवलं की पिशवी रोज दाराशी येते. श्रोत्याने एकदा 'फॉलो' दाबलं की तुमचा प्रत्येक नवा भाग आपोआप त्याच्या फोनमध्ये दिसतो, आणि तो भाकऱ्या करताना, गाडी चालवताना, फवारणी करताना सवडीने ऐकतो.

यामागे एक साधी फाइल असते. तिला आरएसएस फीड म्हणतात, आपण नुसतं फीड म्हणू. ही रतीबाची वहीच आहे. कार्यक्रमाचं नाव, त्याचं चित्र, आणि प्रत्येक भागाची एकेक नोंद: शीर्षक, तारीख, थोडक्यात माहिती आणि आवाजाची फाइल कुठे ठेवली आहे तो पत्ता. आवाजाच्या फाइली जिथे ठेवल्या असतात आणि ही वही जिथे लिहिली जाते, त्या सेवेला होस्टिंग म्हणतात. ॲपल पॉडकास्ट्स, स्पॉटिफाय यांसारखी ॲप थोड्या थोड्या वेळाने वही उघडून बघतात. नवी नोंद दिसली की आपल्या श्रोत्यांना दाखवतात. म्हणजे प्रत्येक ॲपवर तुम्हाला वेगळा भाग चढवावा लागत नाही. वहीचा पत्ता एकदा कळवला की काम झालं.

फीडला आवाजाची फाइल जोडायची सोय २००१च्या आसपास अमेरिकेत डेव्ह वायनर यांनी केली. 'पॉडकास्टिंग' हा शब्द फेब्रुवारी २००४मध्ये 'द गार्डियन'मधल्या बेन हॅमर्सली यांच्या लेखात आला. ॲपलचा आयपॉड तेव्हा जोरात होता, त्यातला 'पॉड' आणि ब्रॉडकास्टमधला 'कास्ट'. जून २००५मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली आणि हा प्रकार घरोघरी पोचला. भारतात स्पॉटिफाय आलं ते फेब्रुवारी २०१९मध्ये. त्याच महिन्यात त्यांनी अँकर नावाची फुकट होस्टिंग सेवा विकत घेतली. तीच सेवा आज 'स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स' या नावाने चालते, आणि नव्या माणसाने तिथून सुरुवात करायला माझी काही हरकत नाही.

एकच गोष्ट आधी तपासा: उद्या होस्टिंग बदलावंसं वाटलं, तर जुन्या फीडवरून नव्या फीडकडे श्रोत्यांना आपोआप वळवायची सोय आहे ना? गुगलने २०२४मध्ये आपलं गुगल पॉडकास्ट्स हे ॲप बंद केलं. ज्यांचं फीड स्वतःच्या ताब्यात होतं त्यांचा एकही भाग त्यामुळे हरवला नाही. एक दुकान बंद झालं, बाकीच्या दुकानांत माल होताच. त्याच्या बरोबर उलटंही मी पाहिलंय. एकाने सगळे भाग एका छोट्या ॲपवरच ठेवले होते, फीड नव्हतंच. ते ॲप बंद पडलं आणि मूळ रेकॉर्डिंगही त्यांच्याकडे उरलं नव्हतं. म्हणून मूळ फाइली हार्ड डिस्कवर ठेवायच्या, आणि दुसऱ्या एका ठिकाणीही.

यूट्यूबचं प्रकरण वेगळं आहे. तिथे भाग थेट यूट्यूबवर चढवायचा आणि त्या प्लेलिस्टवर 'पॉडकास्ट' अशी खूण करायची. मराठी श्रोत्याची गाठ पॉडकास्टशी बहुतेक वेळा यूट्यूबवरच पडते. थिंक बँक, मित्रम्हणे, अमुक तमुक, व्हायफळ ही नावं ज्यांना माहीत आहेत, त्यांतल्या अनेकांनी ती तिथेच पाहिली आहेत. त्यामुळे यूट्यूब टाळू नका. पण कॅमेरे आणि दिवे जमवण्यात सुरुवात अडकवूही नका. स्टँडवर लावलेला फोन पुरतो, आणि तोही नको असेल तर एका स्थिर चित्रावर आवाज लावून भाग टाकता येतो.

कोणासाठी?

"वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या प्रेरणादायी माणसांच्या मुलाखती." दहांतले निदान निम्मे जण मला हाच विषय सांगतात. त्यामागची तळमळ खरी असते, पण नव्या माणसाला नावाजलेले पाहुणे मिळत नाहीत, आणि मिळाले तरी त्याच पाहुण्यांच्या चार मुलाखती आधीच उपलब्ध असतात. तुमची का ऐकायची, याचं उत्तर श्रोत्याला सापडत नाही.

विषय अरुंद घ्या. महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. प्रत्येकीत एक सेक्रेटरी, एक खजिनदार. बहुतेक जण नोकरी-धंदा सांभाळून बिनपगारी हे काम करतात आणि निबंधकांच्या कार्यालयातून पत्र आलं की त्यांची झोप उडते. अभिहस्तांतरण म्हणजे काय, पुनर्विकासाच्या सभेत काय विचारायचं, थकबाकीदाराला नोटीस कशी द्यायची, हे त्यांना कुणीतरी माणसाच्या भाषेत सांगायला हवं असतं. काकांनी नेमकं हेच केलं.

द्राक्षबागायतदाराचं बघा. नाशिक-सांगलीकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि छाटणीपासूनचे दिवस मोजत पुढची सगळी कामं. त्या त्या आठवड्याला बागेत काय करायचं हे सांगणारा पंधरा मिनिटांचा भाग त्याच्यासाठी करमणूक नाही, ती त्या दिवसाची गरज आहे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात रात्र रात्र दशावतार बघणारे लोक आहेत, त्यांना कलावंतांच्या तोंडून रंगपटातल्या गोष्टी ऐकायच्या असतात. तोही विषय कुणा एकाची वाट बघत पडून आहे.

विषय धरायच्या आधी मी दोन गोष्टी करायला लावते. वहीत वीस भागांची शीर्षकं लिहा. आठव्या शीर्षकाशी पेन अडलं तर विषय अजून हाती लागलेला नाही. आणि ओळखीतल्या एका खऱ्या माणसाचं नाव लिहा, जो हे सगळे भाग ऐकेल. त्याच्याशी बोलतोय असं समजून बोला.

आणि घरी बोलता तसंच बोला. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, जी तुमची असेल ती. प्रमाण भाषा बोलायच्या नादात आवाज खोटा झालेला मी फार ऐकलाय, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. कानाला खोटेपणा लगेच कळतो. मालवणी दशावताराबद्दल मालवणीतच बोललात तर लांब राहणारा चाकरमानीसुद्धा कामं टाकून ऐकेल.

खोली, माइक आणि गोधडी

आवाज खराब होतो तो दोन कारणांनी: गोंगाट आणि घुमणं. पंख्याची घरघर, फ्रिजची गुणगुण हा गोंगाट. तो एकसारखा असेल तर नंतर बराचसा काढता येतो. पण रिकाम्या भिंतींवरून आपटून परत येणारा आवाज तुमच्या शब्दांत मिसळून जातो, आणि तो काढणं फार अवघड. त्यामुळे माइकच्या आधी खोलीकडे बघा.

खोलीच्या मधोमध उभं राहून जोरात टाळी वाजवा. टाळीनंतर 'झिंग' अशी शेपटी ऐकू आली तर ती खोली घुमते. फरशी, काच आणि मोकळ्या भिंतींचा हॉल सगळ्यात वाईट. पलंग, गादी, पडदे, कपड्यांनी भरलेलं कपाट असलेली झोपायची खोली सगळ्यात चांगली. काकांचं रेकॉर्डिंग आम्ही हॉलमधून तिकडेच हलवलं. कपाटाची दारं उघडी ठेवली, काकूंनी दोन गोधड्या दिल्या त्या कपडे वाळत घालायच्या स्टँडवर टाकून काकांच्या पाठीमागे उभ्या केल्या, आणि टेबलावर जाड चादर अंथरली. खर्च शून्य. हेडफोन लावून ऐकलं तर आवाज कानाजवळ आलेला. काकूंनाही ऐकवला. त्या म्हणाल्या, "हे फोनवर पण असेच येतात का हो? मग मी पण ऐकेन."

पहिल्यांदा हजार रुपयांच्या आसपास मिळणारा, फोनला जोडायचा वायरचा कॉलर माइक घ्या. दहा भाग झाल्यावरही उत्साह टिकला तर तीन-चार हजारांपासून पुढे यूएसबी माइक मिळतात. त्यांत डायनॅमिक आणि कंडेन्सर असे दोन प्रकार असतात. कंडेन्सर नाजूक आवाजही टिपतो, म्हणजे शेजारच्यांच्या कुकरची शिट्टीही टिपतो. आपल्याकडच्या घरांत डायनॅमिक बरा. तो तोंडापासून चार बोटांवर, फार तर वीतभर अंतरावर धरायचा आणि जरा तिरका ठेवायचा, म्हणजे 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा फटका थेट त्यावर बसत नाही.

रेकॉर्डिंगची पातळी दाखवणारी पट्टी मोठ्यात मोठ्या आवाजालाही उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि फाटलेला शिवता येत नाही. सुरुवातीला दहा सेकंद कुणीही न बोलता नुसती खोली रेकॉर्ड करा. पुढे गोंगाट काढायला तोच तुकडा लागतो. पाहुणा दुसऱ्या गावी असेल तर फोनवरचा आवाज रेकॉर्ड करत बसू नका. दोघांनीही आपापल्या फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायचा, आरंभी 'एक, दोन, तीन' म्हणून एकदम टाळी वाजवायची, आणि नंतर दोन्ही फाइली त्या टाळीवर जुळवायच्या.

संकलनासाठी ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. आवाज तिथे डोंगरांच्या रांगेसारखा दिसतो, बोलणं म्हणजे डोंगर आणि शांतता म्हणजे सपाट रेघ. महिनाभर काम केलं की 'अं...' कसा दिसतो हेसुद्धा डोळ्यांना कळायला लागतं: शब्दाच्या आधीची बुटकी, लांबट टेकडी. आधी तो शांत तुकडा निवडून गोंगाटाचा नमुना घ्यायचा आणि मग तो सगळ्या फाइलीतून वजा करायचा, पण बेताने. फार वजा केला की माणूस पिंपातून बोलल्यासारखा येतो. मग पुनरुक्ती, खोकले, भरकटलेली वाक्यं काढायची. सगळेच 'अं' आणि 'म्हणजे' मात्र काढू नका. विचार करताना माणूस थांबतो, आणि ते थांबणं ऐकायला बरं वाटतं. काका एका ठिकाणी तब्बल चार सेकंद थांबले आणि म्हणाले, "त्या सभेत मी चुकलो होतो." ते चार सेकंद मी तसेच ठेवले.

शेवटी आवाजाची एकूण पातळी उणे १६ एलयूएफएसवर (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आणायची. ॲपलची शिफारस तीच आहे आणि ऑडॅसिटीत एका बटणावर ते होतं. हे केलं नाही तर श्रोत्याला आधीच्या कार्यक्रमानंतर तुमचा आवाज बारीक वाटतो आणि तो पुढे निघून जातो. फाइल एमपी-३. १२८ केबीपीएसला (आवाज किती तपशिलात साठवायचा त्याचं माप) मिनिटाला जवळजवळ एक एमबी होते. नुसतं बोलणं असेल तर मोनोमध्ये ६४ केबीपीएसही चालतं, फाइल निम्म्यावर येते. ज्याच्या गावात रेंज धड नाही त्याला याचं मोल कळतं. मुखचित्र चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. पण ते फोनवर बोटाच्या पेराएवढं दिसणार आहे, तेव्हा त्यावर दोन-तीनच शब्द, मोठ्या अक्षरांत.

अर्ध्या तासाच्या भागाला सुरुवातीला संकलनात चार ते सहा तास जातात. म्हणून दर आठवड्याचं वचन देऊ नका. पंधरवड्याला एक भाग, ठरलेल्या वारी. रतीब एक दिवसाआड असला तरी लोकांना चालतो, पण दूधवाला कधी येणार हे माहीत नसेल तर ते दुसरीकडून घेतात.

पैसे

आता चारशे श्रोत्यांचं गणित. सगळ्यांत आधी डोक्यात येतात त्या यूट्यूबच्या जाहिराती. त्यांचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर लागतात आणि गेल्या बारा महिन्यांत ४,००० तास पाहिलं गेलेलं असावं लागतं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज). समजा तुमचा भाग अर्ध्या तासाचा आहे आणि माणूस सरासरी दहा मिनिटं टिकतो. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं, म्हणजे २४,००० वेळा कुणीतरी भाग लावायला हवा. पुढे हात बसून तुम्ही महिन्याला चार भाग काढू लागलात आणि प्रत्येकी चारशे श्रोते धरले तर वर्षाला १९,२०० होतात. थोडक्यात हुकतं. याच्या अलीकडे एक पायरी आहे: ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन व्हिडिओ आणि ३,००० तास. ती याच हिशेबात वर्षाच्या आत गाठता येते. तिथे जाहिरातींचा वाटा मिळत नाही, पण श्रोत्यांना सशुल्क सदस्यत्व देता येतं आणि 'सुपर थँक्स'मधून पैसे स्वीकारता येतात. वरची पायरी गाठल्यावर लांब व्हिडिओंवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातले ५५ टक्के तुमचे. ते खात्यात यायला निदान १०० डॉलर जमावे लागतात.

दुसरा मार्ग दर हजारी जाहिरातीचा. इथे ऐकलं गेलं म्हणजे काय, याचा जाहिरात व्यवसायाचा नियम ठरलेला आहे: निदान एका मिनिटाचा आवाज उतरला पाहिजे, आणि एकाच फोनवरून चोवीस तासांत तोच भाग कितीही वेळा उघडला तरी मोजणी एकदाच. समजा जाहिरातदाराने हजार श्रोत्यांमागे ३०० रुपये देऊ केले. महिन्याला चार भागांचे मिळून १,६०० श्रोते. हाती येतात ४८० रुपये. इथे पोचून पुष्कळ जण पॉडकास्ट बंद करतात.

पण तेच चारशे जण कोण आहेत ते बघा. काकांचे चारशे श्रोते म्हणजे चारशे सेक्रेटरी. एकेका सोसायटीत चाळीस घरं धरली तर १६,००० घरांच्या दुरुस्तीचे निर्णय ज्यांच्या सहीने होतात अशी ही माणसं. वॉटरप्रूफिंगच्या ठेकेदाराला, लिफ्टची देखभाल करणाऱ्याला, सोसायट्यांचे हिशेब लिहिणाऱ्याला याच माणसांपर्यंत पोचायचं असतं आणि एरवी तो दारोदार पत्रकं वाटतो. त्याला वर्षात एक काम जरी मिळालं तरी वसुली होते. त्याने महिन्याला तीन हजार ठरवून दिले, तर ते दर हजारीच्या सहा पटींहून जास्त झाले, आणि त्यालाही ते महाग वाटणार नाहीत.

असा प्रायोजक आपण होऊन येत नाही, त्याच्याकडे जावं लागतं. एका पानावर लिहा: कार्यक्रम कशाबद्दल आहे, गेल्या तीन महिन्यांत प्रत्येक भाग किती जणांनी ऐकला, ते कोणत्या शहरांतले आहेत, आणि श्रोत्यांनी पाठवलेले दोन-तीन प्रश्न. शेवटची गोष्ट सगळ्यात परिणामकारक ठरते. "आमच्या टाकीची गळती कुणाकडून दुरुस्त करून घेऊ?" असा श्रोत्याचा प्रश्न वाचला की ठेकेदाराला वेगळं पटवावं लागत नाही. करार तीन महिन्यांचा करा, मग दोघांनाही अंदाज येतो. आकडे फुगवून सांगू नका. हा बाजार लहान आहे आणि सगळे एकमेकांना ओळखतात.

जाहिरात स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या आवाजात वाचा, आणि ज्याचं काम तुम्ही स्वतः बघितलेलं नाही त्याचे पैसे घेऊ नका. गळतीवरचा भाग आहे आणि वॉटरप्रूफिंगवालाच प्रायोजक आहे, तर त्याच भागात त्याला तज्ज्ञ म्हणून बसवू नये, असं माझं ठाम मत आहे. श्रोत्याने काकांवर टाकलेला विश्वास हेच काकांचं भांडवल आहे.

तिसरा मार्ग म्हणजे पॉडकास्टमुळे चालून येणारं काम, आणि नव्या माणसाच्या हाती पैसा बहुधा इथूनच आधी येतो असं मी पाहत आलेय. काकांना आसपासच्या सोसायट्या वार्षिक सभेआधी मार्गदर्शनाला बोलावू लागल्या, मानधन देऊन. द्राक्षांवर बोलणाऱ्याला बागेचा सल्ला देण्याचं काम मिळू शकतं, गणित शिकवणाऱ्याला विद्यार्थी. पॉडकास्ट फुकट असतो, पण ज्ञानाची खात्री पटलेला माणूस पुढच्या कामाचे पैसे देतो. आणि रेकॉर्डिंग-संकलन हातात बसलं तर तेही विकता येतं. मी आज दुसऱ्यांचे भाग करते ती सुरुवात स्वतःचे भाग करतानाच झाली.

श्रोत्यांकडून थेट मदतही मागता येते. यूपीआयचा क्यूआर कोड द्या आणि पैसे कशासाठी हवेत ते स्पष्ट सांगा: "होस्टिंगचा वर्षाचा खर्च भागवायचाय." परदेशातले मराठी श्रोते इथे मोलाचे ठरतात. गावाकडचा आवाज ऐकायला मिळाला की ती माणसं हात आखडता घेत नाहीत. मात्र यूट्यूबवर अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर तिथला कर कापला जातो. ॲडसेन्समध्ये, म्हणजे यूट्यूबचे पैसे गुगलच्या ज्या खात्यातून मिळतात तिथे, कराचा फॉर्म भरून भारत-अमेरिका कराराचा लाभ घेतला तर तो १५ टक्के असतो, आणि फॉर्म भरलाच नाही तर कपात त्याहून जास्त, तीही केवळ अमेरिकेतल्या कमाईवर नाही. तेव्हा तो फॉर्म पहिल्याच दिवशी भरा.

कायद्याचं थोडं

सिनेमातलं गाणं दहा सेकंद वाजवलं तर चालतं, ही निव्वळ समजूत आहे. सेकंदांची अशी कुठलीही सूट कायद्यात नाही. सुरुवातीच्या सुरावटीसाठी ओळखीतल्या पेटी किंवा बासरी वाजवणाऱ्याकडून स्वतःची पंधरा सेकंदं वाजवून घ्या, मानधन द्या आणि वापरायची लेखी परवानगी घ्या. कथावाचनाचा पॉडकास्ट काढणाऱ्यांनी तर फार जपायला हवं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०११पासून सगळ्यांना खुलं आहे. पु. ल. देशपांडे २०००मध्ये गेले, त्यांच्या लेखनावरचा हक्क २०६०च्या अखेरपर्यंत आहे. आवडतं म्हणून वाचलं, कुठे पैसे मिळवले, हा बचाव होत नाही. परवानगी मागा. बऱ्याचदा मिळतेही.

जाहिरात ही जाहिरात आहे असं सांगणं बंधनकारक आहे. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आवाजाच्या माध्यमात हे सुरुवातीला, शेवटी आणि मधल्या प्रत्येक विश्रांतीच्या आधी-नंतर सांगायचं असतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, आणि तो जाहिरात करणाऱ्या व्यक्तीलाही होऊ शकतो. शेअर बाजाराचे सल्ले सेबीकडे नोंदणी नसताना देऊ नका. आरोग्यावर बोलणार असाल तर तुमची पात्रता काय, ते आधी सांगा.

पाहुण्याची परवानगी रेकॉर्डिंगच्या आधी घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना, पण लेखी: भाग कुठे कुठे जाईल, त्याचे छोटे तुकडे वापरू का, काही काढायचं असेल तर किती दिवसांत कळवायचं. काकांच्या भाषेत, पोच घ्या.

प्रायोजक कंपनी असेल तर ती बहुधा टीडीएस कापून पैसे देईल. तो कापलेला कर विवरणपत्रात दाखवून तुमच्या करात वळता करून घेता येतो, म्हणून उत्पन्न कमी असलं तरी विवरणपत्र भरा. सेवांची वार्षिक उलाढाल महाराष्ट्रात आणि गोव्यात २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. त्यात तुमची इतर व्यावसायिक कामंही धरली जातात, नुसता पॉडकास्ट नाही. माइकचं बिल, होस्टिंगची वर्गणी, पाहुण्याकडे जायचा प्रवासखर्च, पेटीवाल्याचं मानधन या सगळ्यांच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका पाकिटात ठेवा आणि मार्चअखेर ते पाकीट सीएंच्या हातात द्या.